कोरड्या गांवचा नावाडी

नाशिक म्हटलें कीं पाणी डोळ्यांपुढें येतें. रामकुंडावरील पहांटेची गर्दी, सिंहस्थांत लोटणारा जनसमुदाय, श्रावणांतला पूर, आणि तो दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आला कीं छातीपर्यंत याची घरोघर होणारी चौकशी, या गोष्टी ज्यांचें आजोळ नाशकांत आहे त्यांना सांगावयास नकोत. आम्ही नाशिककर गोदावरीस गोदावरी म्हणत नाहीं, गंगा म्हणतों. सायंकाळीं फिरावयास जाणें म्हणजे गंगेवर जाणें. म्हणून नाशिक जिल्ह्यांतील एक तरुण नौकानयनासाठीं २०१६ च्या ऑलिंपिक सामन्यांस गेला, आणि त्या वर्षीं त्या खेळासाठीं साऱ्या भारतांतून गेलेला तो एकटाच होता, हें वाचलें तेव्हां मी सहजच धरून चाललों कीं हा मुलगा गंगेच्या कांठचा असणार. पंचवटीच्या घाटावरून उड्या मारीतच तो लहानाचा मोठा झाला असेल, अशी माझी समजूत.

पुढल्या ओळींत त्याच्या गांवाचें नांव होतें: तळेगांव रोही, तालुका चांदवड. तें वाचून मीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें.

ज्यांना नाशिक जिल्हा केवळ आगगाडीच्या खिडकींतून ठाऊक आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितों. जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची भिंत आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या बाजूस आषाढांत पाऊस असा कोसळतो कीं चार चार दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. मात्र डोंगर ओलांडतांना ढगांची झोळी रिकामी होते, आणि पूर्वेकडे चांदवड, येवलें, नांदगांव या तालुक्यांवर ते पोंचतात तेव्हां त्यांत सावलीखेरीज फारसें कांहीं उरलेलें नसतें. भूगोलाच्या पुस्तकांत यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. पश्चिमेकडील डोंगरांतल्या सावरपाडा या वस्तीवरील कविता राऊत हिनें २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटर धावण्याच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें, तेव्हां त्या यशाचा थोडाबहुत उलगडा होत होता. डोंगरवाटांवर वाढलेली मुलगी, ती धावूं लागली. परंतु जेथें उन्हाळ्यांत पिण्याचें पाणीसुद्धां टँकरनें आणावें लागतें, त्या मुलुखांतून वल्हीं मारणारा गडी निघावा, हें कांहीं केल्या माझ्या ध्यानांत येईना.

या कोड्यानें मला गेल्या वैशाखांत चांदवडास नेलें. बरोबर भाचा होता. बारावीची परीक्षा देऊन तो निकालाची वाट पाहत घरीं बसला होता, आणि त्याच्या आईचें म्हणणें असें कीं, दिवसभर मोबाइलमध्यें डोळे घालून बसण्यापेक्षां मामाबरोबर ऊन खाल्लेलें बरें.

आम्ही सकाळच्या एस. टी.नें आग्रारोडनें निघालों. आडगांव मागें पडलें, विमानांच्या कारखान्याचें ओझर मागें पडलें. येथून पिंपळगांव बसवंतपर्यंतचा रस्ता म्हणजे निफाड तालुक्याच्या वैभवाचें प्रदर्शनच. दोन्ही बाजूंस द्राक्षांचे मांडव. द्राक्षें केव्हांच उतरलीं होतीं. एप्रिलची छाटणी होऊन वेलींना नवे कोंब फुटत होते. मधूनच टोमॅटोच्या रित्या जाळ्यांनीं भरलेले ट्रक, कांद्याच्या गोण्यांनीं वांकलेले ट्रॅक्टर. धरणांचें आणि कालव्यांचें पाणी ज्या जमिनीस मिळालें ती जमीन उन्हाळ्यांतही कशी ताठ मानेनें उभी असते, हें येथें दिसतें.

पिंपळगांव सोडलें कीं जमीन हळूहळू रंग बदलूं लागते. हिरवें कमी होतें, पिवळें वाढतें, आणि मग सातमाळ्याचे उघडे बोडके डोंगर समोर येऊन उभे राहतात. या डोंगरांच्या पायथ्याशीं चांदवड. नाशकापासून हें अंतर सुमारें पासष्ट किलोमीटर. गांवांत होळकरांचा रंगमहाल आहे आणि जवळच डोंगराच्या कुशींत रेणुकामातेचें देऊळ. देवळाच्या जीर्णोद्धाराचें श्रेय पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांकडे जातें. त्या साध्वीनें देशभर घाट, विहिरी व बारवा बांधल्या. चांदवडच्या उन्हांत उभें राहिल्यावर विहीर बांधण्यास आपल्या पूर्वजांनीं एवढें पुण्य कां मानलें असेल, हें कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

देवीचें दर्शन घेऊन आम्ही जीपनें तळेगांवास गेलों. गांव महाराष्ट्रांतील कोणत्याही गांवासारखें. पार, मारुतीचें देऊळ, शाळेची इमारत, कांद्याच्या चाळी, आणि त्यापलीकडे बाभळींची विरळ रांग. देवळाच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनीं आम्हांस पाहतांच विचारलें, "कोठून आलां, पाव्हणं?"

"नाशकाहून. दत्तू भोकनळांचें गांव पाहावें म्हणून आलों."

"गांवांत काय पाहायचं? पोरगं तर पुण्याला घडलं," ते म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या आमच्यापुढें सरकविला. वैशाखांत त्या गांवीं परक्या माणसापुढें पाण्याचा तांब्या ठेवणें याचें मोल नाशकांत नळाखालीं हात धुणाऱ्या आमच्यासारख्यांस कळावें तसें कळत नाहीं. भाच्यानें तांब्या उचलला, अर्धें पाणी प्याला आणि उरलेलें टाकून देण्याऐवजीं तसाच परत ठेवला. तेवढ्यावरूनही मला प्रवास सार्थकीं लागल्यासारखें वाटलें.

"पाहायचंच असेल तर विहीर पाहा," म्हातारे बोवा म्हणाले. "तिकडं शिवारांत काम चालू आहे."

आम्ही शेतांतून तिकडे गेलों. विहीर खोदण्याचें काम मीं पूर्वीं कधीं जवळून पाहिलें नव्हतें. आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलें नसेल. वरचे कांहीं फूट माती व मुरूम. त्याखालीं काळा पाषाण. त्यांत सुरुंगाचीं भोंकें पाडावयाचीं, बार उडवावयाचे, आणि मग फुटलेला दगड पहारीनें उचकटून, हातांनीं उचलून, यारीच्या टोपल्यांत भरून वर पाठवावयाचा. आंत चार माणसें होतीं. वरून पाहतां त्यांचीं डोकीं नारळाएवढीं दिसत होतीं. एक जण गुडघे वांकवून, पाय खडकाशीं टेकवून, पाठ सरळ ठेवून पहारीवर सर्व अंगाचा भार टाकी, आणि एका दमांत सरळ होई. पुन्हां वांके, पुन्हां सरळ होई. विहिरीच्या कांठीं उभ्या असलेल्या मुकादमास मीं विचारलें, "किती खोल गेलां?"

"पन्नास फूट झालं."

"पाणी?"

"अजून ओलसुद्धां नाहीं," तो म्हणाला, आणि टोपलें वर आलें तसा वळला.

हेंच काम दत्तू बबन भोकनळ यानें आपल्या वडिलांबरोबर केलें. (तो माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून एकेरी लिहितों, त्यांत अनादर नाहीं.) त्याचा जन्म ५ एप्रिल १९९१ चा. वडील विहिरी खोदण्याचें व दगड फोडण्याचें काम करीत. दत्तू थोरला, शाळा सांभाळून तो वडिलांच्या हाताखालीं खडकांत उतरूं लागला. पुढें पेट्रोल पंपावर रात्रीची चाकरी करून दिवसा शिकण्याचेंही त्यानें केलें. २०११ सालीं वडील वारले, आणि घराचा भार त्याच्यावर आला. असा प्रसंग आला कीं खेड्यांतील मुलगा ज्या एका दाराकडे पाहतो, त्याच दाराकडे त्यानें पाहिलें. २०१२ सालीं तो सैन्यांत भरती झाला.

येथें त्याच्या नशिबानें एक वळण घेतलें. तो दाखल झाला पुण्याजवळ खडकीस, बॉम्बे सॅपर्स या नांवानें प्रसिद्ध असलेल्या सैनिकी इंजिनियरांच्या दलांत. या दलाचें काम लढाईंत रस्ते व पूल बांधण्याचें. नदी आडवी आली असतां नावांवर फळ्या टाकून सैन्यास पलीकडे न्यावयाचें, म्हणून पाणी व नाव यांची ओळख त्यांना शिक्षणाचाच भाग म्हणून करून दिली जाते. त्यामुळें खडकी-दापोडीच्या परिसरांत नौकानयनाची परंपरा जुनी आहे, आणि दापोडीच्या सैनिकी इंजिनियरिंग कॉलेजांत या खेळासाठीं मुद्दाम केलेला जलमार्ग व सैन्याचें स्वतंत्र शिक्षणकेंद्र आहे. सहा फुटांहून उंच, लांब हातांचा, खडकाशीं झोंबून घट्ट झालेला हा रंगरूट शिक्षकांच्या नजरेंतून सुटला नाहीं. त्यांनीं त्याला होडींत बसण्यास सांगितलें.

त्याला पाण्याची भीति वाटत होती! त्यानें हें स्वतःच पुढें सांगितलें आहे. ज्या मुलानें पाणी पाहिलें तें विहिरीच्या तळाशीं, तेंही पुष्कळदां न लागलेलें, त्याला हलत्या पाण्यावर एका पट्टीएवढ्या होडींत बसविलें तर भीति वाटणार नाहीं तर काय!

आतां ही होडी कशी असते तें सांगितलें पाहिजे, कारण संगमावर किंवा धरणावर आपण बसतों ती होडी डोळ्यांपुढें आणल्यास सर्वच घोटाळा होईल. एकट्यानें दोन वल्ह्यांनीं चालविण्याच्या शर्यतीच्या होडीची लांबी सुमारें सत्तावीस फूट. रुंदी मात्र इतकी थोडी कीं जाड माणसास तींत बसतां येऊं नये. वजन अवघें चौदा किलो, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील भरलेल्या गॅसच्या टाकीच्या निम्म्याएवढें. वल्हीं पाण्यावर टेकलेलीं नसतील तर ती क्षणभरही सरळ राहत नाहीं. बसण्याची पाटी लहान चाकांवर मागेंपुढें सरकते. पाय पुढील फळीस बांधलेले असतात. गडी गुडघे मुडपून पुढें सरकतो, वल्हीं पाण्यांत रोवतो, आणि मग पायांनीं फळी लोटून सर्व शरीर मागें नेतो. पाठ आणि हात शेवटीं येतात. पाहणाराला वाटतें कीं हा हातांचा खेळ. वास्तविक जोराचा मोठा भाग पायांचा असतो. हें वाचतांना मला तळेगांवच्या शिवारांतील तो खडकाशीं पाय टेकवून सरळ होणारा मनुष्य आठवला.

आणखी एक गंमत अशी कीं या खेळांत गडी जातो त्या दिशेकडे त्याची पाठ असते. पोंचावयाचें ठिकाण त्याला दिसत नाहीं. सोडून आलेला किनारा तेवढा समोर दिसतो, आणि जे मागें पडले ते दिसतात. पुढें असलेल्यांचा केवळ आवाज. अंतर दोन हजार मीटर. मिनिटास तीसहून अधिक वेळां तीच क्रिया. सात मिनिटांच्या आंतबाहेर सर्व खेळ खलास.

२०१२ च्या रंगरुटानें पुढील चार वर्षांत जें केलें तें थोडक्यांत सांगतों. २०१४ त राष्ट्रीय सामन्यांत तो चमकला. २०१५ सालीं बीजिंग येथील आशियाई अजिंक्यपद सामन्यांत एकट्याच्या शर्यतींत रौप्यपदक. एप्रिल २०१६ मध्यें दक्षिण कोरियांतील चुंगजू येथें ऑलिंपिकची पात्रता ठरविण्याच्या शर्यतींत तो दुसरा आला, आणि रिओ द जानेरोचें दार उघडलें. ज्या मुलानें चार वर्षांपूर्वीं वल्हें हातांत धरलें नव्हतें, तो आतां जगांतील निवडक नावाड्यांत बसला. त्याच सुमारास घरीं आई अपघातानंतर अंथरुणास खिळली होती. मुलगा कोठें व कशासाठीं गेला आहे हेंही तिला उमजत नव्हतें, असें त्यावेळच्या वृत्तपत्रांत आलें होतें. अशा मनःस्थितींत तो ब्राझिलास गेला.

रिओमध्यें शहराच्या मधोमध डोंगरांनीं वेढलेलें एक सरोवर आहे. शर्यती त्यावर झाल्या. पहिल्या फेरींत दत्तू तिसरा आला व पुढील फेरींत गेला. उपांत्यपूर्व फेरींत ६ मिनिटें ५९.८९ सेकंदांत तो चौथा. पदकाच्या वाटेवर पहिले तिघेच जात असल्यामुळें ती वाट तेथें बंद झाली. उरले होते क्रमांक ठरविण्यापुरते सामने. अशा सामन्यांकडे पाहण्यास कोणी थांबत नाहीं, आणि पुष्कळ गडीही मनानें परतीच्या वाटेस लागलेले असतात. दत्तूनें त्यांतील शेवटची शर्यत ६ मिनिटें ५४.९६ सेकंदांत जिंकली, आणि जगांत तेरावा आला. त्या खेळांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या न्यूझीलंडच्या माहे ड्रायस्डेल यास ६ मिनिटें ४१.३४ सेकंद लागले. दोन्ही शर्यती वेगळ्या, वारा वेगळा, हें मान्य करूनही अंतर चौदा सेकंदांच्या आंतलें. तेरावा क्रमांक म्हणून कोणी मिरवणूक काढीत नाहीं. तरी चार वर्षांपूर्वीं पाण्यास भिणाऱ्या मुलाचे हे तेरा आंकडे आहेत, हें ध्यानांत घेऊन ज्याचें त्यानें मोल करावें.

त्याच शहरांत, त्याच आठवड्यांत, दुसऱ्या एका मैदानावर एक आश्चर्य घडलें, आणि मला या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहाव्याशा वाटतात. फिजी बेटांचें नांव आपल्या वडीलधाऱ्यांस गिरमिटियांमुळें ठाऊक होतें. १८७९ ते १९१६ या काळांत उंसाच्या मळ्यांवर राबावयास साठ हजारांहून अधिक हिंदी मजूर जेथें नेण्यांत आले तीं हीं बेटें. साऱ्या देशाची वस्ती नऊ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिक शहराहूनही कमी. या देशास तोंपर्यंत ऑलिंपिकमध्यें एकही पदक मिळालेलें नव्हतें. ११ ऑगस्ट २०१६ रोजीं सात गड्यांच्या रग्बीच्या अंतिम सामन्यांत त्यानें ग्रेट ब्रिटनचा ४३ विरुद्ध ७ गुणांनीं पराभव करून पहिलें पदक मिळविलें, तेंही सुवर्णाचें. ज्यांच्या राज्यांत तीं बेटें जवळजवळ शंभर वर्षें होतीं त्यांनाच हरवून! सरकारनें त्या विजयाच्या स्मरणार्थ सात डॉलरची नोट काढली. सातची नोट जगांत दुसरीकडे असेल असें वाटत नाहीं.

त्या संघांत जेरी तुवाई नांवाचा एक ठेंगणासा गडी होता. राजधानी सुवाजवळील गरीब वस्तींत तो वाढला. चेंडू घेण्यास पैसे नसत म्हणून प्लॅस्टिकची बाटली हातांत धरून तो व त्याचे सोबती खेळत. हाच गडी पुढें २०२१ त टोकियो येथें संघनायक म्हणून दुसरें सुवर्णपदक घेऊन आला, आणि २०२४ त पॅरिसला त्याच्या गळ्यांत रौप्यपदक पडलें. गरिबी दत्तूची आणि तुवाईची सारखीच. परंतु फिजींत प्रत्येक गांवाला हिरवळ आहे, प्रत्येक गल्लींत रग्बी आहे, आणि बाटली घेऊन पळणाऱ्या पोराकडेही पाहून "हा गडी होईल" असें म्हणणारे जाणते लोक नाक्यानाक्यावर बसलेले असतात. चांदवडच्या मुलाला तळेगांवांत यांपैकीं कांहींच नव्हतें. तो जेथें शोधला गेला तें ठिकाण गांवापासून कित्येक मैलांवर होतें, आणि तेथें तो पोटासाठीं गेला होता, खेळासाठीं नव्हे.

आतां या कथेंतील सर्वांत अवघड दोन दिवसांकडे येऊं. ऑगस्ट २०१८ मध्यें इंडोनेशियांतील पालेम्बांग येथें आशियाई क्रीडास्पर्धेंतील नौकानयन झालें. २३ तारखेस दत्तू एकट्याच्या शर्यतींत उतरला. रिओचा गडी म्हणून त्याच्याकडून मोठी अपेक्षा होती. तो सर्वांच्या मागें राहिला. त्या दिवशीं भारतीय चमूच्या वाट्याला निराशाच आली.

दुसऱ्या दिवशीं, २४ ऑगस्ट रोजीं, सकाळींच चौघांच्या होडीची शर्यत होती. स्वर्णसिंग, ओमप्रकाश, सुखमीतसिंग आणि दत्तू, असे चौघे सैनिक. आदल्या दिवशीं जो सर्वांच्या मागें राहिला तो चौघांत बसला कीं नाहीं असा प्रश्न कोणासही पडावा. तो बसला. आणि या होडीनें ६ मिनिटें १७.१३ सेकंदांत दोन हजार मीटर कापून सुवर्णपदक जिंकलें. यजमान इंडोनेशिया दुसरा राहिला. आशियाई स्पर्धांत नौकानयनांतील भारताचें हें दुसरेंच सुवर्ण. पहिलें २०१० सालीं ग्वांगजौ येथें बजरंगलाल ताखर यांनीं एकट्याच्या शर्यतींत मिळविलें होतें.

एकट्याच्या होडींत मनुष्य आपला दम आपणच मोजतो. चौघांच्या होडींत एकाचें वल्हें निमिषभर उशिरा पडलें तरी उरलेल्या तिघांचे श्रम वायां जातात. म्हणून चौघांत बसणें हें एकट्यानें बसण्याहून सोपें असतें असें समजूं नये. स्वतःच्या अपयशाचा विचार ज्याला बाजूस ठेवतां येत नाहीं त्याला त्या होडींत जागा नसते.

एवढ्यावर कथा संपली असती तर ती छापण्यास फार सोयीची झाली असती. पण २०१९ सालीं राष्ट्रीय नौकानयन संघटनेनें त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. पालेम्बांगच्या एकट्याच्या शर्यतींत त्यानें मध्येंच वेग सोडला असा ठपका होता. आपण आजारी होतों व होडी उलटली असें त्याचें म्हणणें होतें. जानेवारी २०२० मध्यें संघटनेनेंच ती बंदी उठविली, आणि त्याच वर्षीं त्यास अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. बंदी आणि पुरस्कार हे दोन्ही इतक्या जवळ येऊन गेले. या वादांत न्याय कोणाचा हें ठरविण्याचा माझा अधिकार नाहीं. मला एवढेंच दिसतें कीं, पाठमोरा बसून वल्हीं मारणाऱ्यास मागचा किनारा पुष्कळ वेळ दिसत राहतो, आणि तरीही हात थांबवून चालत नाहीं.

परतीच्या एस. टी.त भाच्यानें मला विचारलें, "मामा, दुष्काळी गांवांतले लोक कष्टाळू असतात म्हणूनच तो एवढा पुढें गेला ना?"

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नव्हे. सुशिक्षित माणसें अशीं चरित्रें वाचतांना मनांत हेंच म्हणतात, आणि तेवढें म्हणून समाधान पावतात. दुष्काळानें माणसें घडतात असें म्हटलें कीं दुष्काळाविषयींची आपली जबाबदारी संपली! मीं त्याला म्हटलें, "अरे, आपण आज विहिरींत चार माणसें पाहिलीं. तीं दत्तूपेक्षां कमी कष्ट करतात काय? या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसांनीं खडक फोडला. कष्टानें नावाडी होत असता तर आशियाचीं सर्व सुवर्णपदकें चांदवडासच आलीं असतीं."

"मग?"

"एका माणसानें त्याची उंची पाहिली, आणि त्याला होडींत बसविलें. एवढाच फरक."

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्या वर्गांत एक जण फार उंच आहे. शेवटच्या बाकावर बसतो. सर त्याला फक्त पंखा बंद करायला उठवतात."

मीं हंसलों खरा, परंतु मनांतून ओशाळलों. आपल्या घरांतून खेळ म्हणजे अभ्यास आटोपल्यानंतरचा वेळ, आणि अभ्यास कधीं आटोपतच नसतो. आपण मुलाचे गुण मोजतों, त्याची श्रेणी मोजतों, त्याच्या शिकवणीची फी मोजतों. त्याच्या छातीचा भाता किती भरतो, त्याचे पाय किती जोर धरतात, हें पाहणारा घरांत किंवा शाळेंत कोणी असतो काय? आणि आपल्या घरीं मोजमापाचीं इतकीं साधनें असून ही गति, तर ज्या मुलाचा बाप विहिरींत उतरला आहे त्याच्याकडे कोण पाहणार? आपल्यापैकीं कित्येक जण शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, शाळांच्या मंडळांवर आहेत. वर्षांतून एकदां खेड्यांतील शाळेंत जाऊन मुलांची उंची व दम मोजून यावा, आणि ज्या मुलाच्या अंगांत कांहीं विशेष दिसेल त्याचें नांव योग्य ठिकाणीं कळवावें, एवढें काम कोणासही जमण्यासारखें आहे. त्याला ना निधि लागतो, ना उद्घाटन. खडकीस एका शिक्षकानें जें केलें तें याहून फारसें निराळें नव्हतें.

नाशिक आलें तेव्हां दिवेलागण झाली होती. घरीं जाण्यापूर्वीं आम्ही गंगेवर गेलों. घाटावर नित्याप्रमाणें आरत्या चालल्या होत्या, दिव्यांचे द्रोण पाण्यावर तरंगत होते. भाचा पायरीवर बसून पाण्यांत हात घालून किती तरी वेळ नुसता बसला. मीं कांहीं विचारलें नाहीं.

घरीं आल्यावर बहिणीनें त्याला पहिलाच प्रश्न केला, "मग, काय पाहिलंस एवढ्या उन्हांत?"

"विहीर," तो म्हणाला.

"पाणी होतं का तिला?"

"अजून नाहीं लागलं. काम चालू आहे."